आमच्यानंतर तुझं कसं व्हायचं?

प्रिय आई आणि बाबा,

हा विषय फोनवर काढला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देऊन मोकळे होतात, म्हणून यावेळी लिहूनच टाकते. बाबा, तुम्ही पाठवलेलं, अपंगांना ठेवून घेणाऱ्या त्या संस्थेचं माहितीपत्रक मी अगदी शेवटपर्यंत वाचलं. राग वगैरे आलेला नाही, शप्पथ. त्यामागे काय आहे ते मला कळतं, तुम्ही दोघं इतकी वर्षं मनात घोळवताय तोच प्रश्न, की आमच्यानंतर हिचं कसं व्हायचं. स्वच्छ खोल्या आहेत, चोवीस तास नर्स आहे, बगीचा आहे, सगळं ठीक. पण शेवटच्या पानावरचा दिनक्रम वाचलात का? साडेसहाला उठणे, भेटायला येणाऱ्यांनी आधी परवानगी घेणे, रात्री साडेआठला दिवे बंद. अहो चाळिशीला आलेली बाई मी, कमावते, टॅक्स भरते, माझे दिवे साडेआठला दुसऱ्या कोणी का घालवायचे?

तर आज तुम्हाला काही माणसांची गोष्ट सांगायचीय. मी यातल्या कोणालाही भेटलेली नाही आणि आता भेटणं शक्यही नाही, बरेचसे गेलेत. पण मी आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने राहते ना, ते कसं जमू शकतं हे या लोकांनी आधी करून दाखवलंय.

पहिला एड रॉबर्ट्स. कॅलिफोर्नियातला. 1953 मध्ये चौदा वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला आणि हाताची दोन बोटं, पायाची काही बोटं सोडली तर मानेखाली काही हलेना. श्वासही स्वतःचा स्वतः नीट घेता येईना, त्यासाठी आयर्न लंग नावाचं मोठ्या नळकांड्यासारखं मशीन असायचं, त्यात झोपायचं, डोकं फक्त बाहेर. पोराने खाणंच सोडलं. जगायचंच नव्हतं त्याला, वजन भयंकर उतरलं. मग त्याच्यासाठी ठेवलेली शेवटची खासगी नर्स गेली, आणि गंमत बघा, मागे लागणारं कोणी उरलं नाही तेव्हा त्याने आपलं आपण ठरवलं की आता जगायचं. मला या माणसाच्या अख्ख्या आयुष्यात हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आई, त्याच्या आईबद्दल तुला मुद्दाम सांगते. झोना तिचं नाव. एड घरी पडून, फोनची लाइन जोडून शाळेतले तास ऐकायचा, असं करत शिक्षण पुरं केलं, आणि शेवटी शाळा म्हणते डिप्लोमा देता येत नाही कारण ड्रायव्हिंग आणि पीटीचा तास झालेला नाही! ज्याला मान सोडून काही हलवता येत नाही त्याला ड्रायव्हिंग! झोना भांडली, वरपर्यंत गेली, आणि डिप्लोमा घेऊनच थांबली. हे वाचताना मला तू दिसलीस, वर्ग खालच्या मजल्यावर आणणार नाही म्हणाले तेव्हा मला कडेवर घेऊन जिने चढणारी आणि रोज चढताना त्या हेडमास्तरांच्या केबिनसमोर मुद्दाम थांबून दम घेणारी.

1962 मध्ये एड बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत गेला. तिथला एक अधिकारी म्हणाला, पांगळ्यांना घेऊन बघितलंय आधी, जमलं नाही. होस्टेलवर ठेवता येईना कारण आयर्न लंगचंच वजन साडेतीनशे किलोच्या वर. मग युनिव्हर्सिटीच्याच कॉवेल हॉस्पिटलमध्ये त्याला खोली मिळाली. हळूहळू तिथे अजून अशीच मुलं आली आणि त्या वॉर्डाचा अड्डा झाला, रात्र रात्र गप्पा, राजकारण, आणि स्वतःच्या टोळीचं नाव काय ठेवलं तर रोलिंग क्वाड्स, म्हणजे चाकांवर फिरणारे, हातपाय लुळे पडलेले. त्यातूनच 1972 मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे स्वतंत्रपणे जगण्यासाठीचं केंद्र, उभं राहिलं. भव्यदिव्य काही नव्हतं त्यात. मदतनीस कुठे मिळेल, राहण्याजोगं घर कुठे आहे, व्हीलचेअर मोडली तर आजच्या आज कोण दुरुस्त करून देईल, असली कामं. फक्त ती चालवणारे स्वतः अपंग होते. मालकी डॉक्टरांची नव्हती.

आणि बाबा, तुम्हाला हे आवडेल. राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने एडला सुरुवातीला "हा नोकरी करण्याच्या पलीकडे गेलेला आहे" असं ठरवून मदत नाकारली होती, त्याच खात्याचा तो 1975 मध्ये डायरेक्टर झाला. गव्हर्नर जेरी ब्राउनने नेमला. साहेबांच्या खुर्चीत कोण, तर हा. तुम्ही इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढलीत, त्या दिवशी त्या ऑफिसातल्या जुन्या लोकांचे चेहरे कसे झाले असतील ते तुम्हालाच नीट कळेल.

आता जूडी ह्यूमन. दीड वर्षाची असताना पोलिओ, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला वाढली. डॉक्टरांनी सल्ला दिला की हिला संस्थेत ठेवा. तिचे आईवडील, इल्झे आणि वेर्नर, दोघंही नाझी जर्मनीतून लहान वयात निसटून आलेले ज्यू, त्यांचे स्वतःचे आईवडील मागे राहिले ते परत दिसलेच नाहीत. सरकार माणसांना वेगळं काढून कुठेतरी नेऊन ठेवतं तेव्हा काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्यांनी पोरगी दिली नाही. शाळेने व्हीलचेअर म्हणजे आगीच्या वेळी धोका म्हणून प्रवेश नाकारला, मोठी होऊन शिक्षिका व्हायला गेली तर शिक्षण मंडळाने पुन्हा तेच कारण काढलं, मग तिने 1970 मध्ये केस ठोकली आणि नोकरी मिळवली.

पण तिचं खरं रूप बघायचं तर 1977. अमेरिकेत 1973 च्या एका कायद्यात कलम 504 होतं, सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही ठिकाणी अपंग म्हणून कोणाला वगळता येणार नाही असं. छान. पण नियमांवर सही झाल्याशिवाय कायदा चालू होत नाही आणि सही चार वर्षं कोणी करेना. 5 एप्रिलला जूडी, किटी कोन आणि त्यांच्यासोबत शंभराच्या वर माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी ऑफिसात घुसली आणि तिथेच बसली. तीन आठवड्यांच्या वर! आई, जरा डोळ्यासमोर आण, रात्री कूस बदलून द्यायला माणूस लागतो असे लोक ऑफिसच्या फरशीवर झोपतायत, कॅथेटर आहेत, औषधं गार ठेवायचीत म्हणून एसीवर खोका चिकटवून फ्रिज बनवलाय. फोन तोडले तर बहिरे आंदोलक खिडकीत उभे राहून हातवाऱ्यांच्या भाषेत खाली रस्त्यावरच्यांना निरोप देतायत. ब्रॅड लोमॅक्स नावाचा, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचा कार्यकर्ता आत होता, व्हीलचेअरवर, त्याच्यामुळे ती संघटना रोज गरम जेवण घेऊन यायची. कोण कुठले लोक, सरकारशी त्यांचं स्वतःचं भांडण चालू, आणि तरी डबे पोचवतायत. 28 एप्रिलला सही झाली. पुढे 1990 ला अपंगांच्या हक्कांचा त्यांचा मोठा कायदा आला त्याची पायाभरणी ही.

बाबा म्हणतील, आंदोलनं ठीक आहेत गं, पण रोजचं काय. त्याचंच सांगते. तुम्हाला ती बटणांची पाटी आठवतेय ना? थेरपीवाल्या बाईंनी दिलेली, लाकडी, कापड ठोकलेली, सहा बटणं. शाळेतून आले की ती घेऊन बसायचं. माझी बोटं आखडायची, चौथ्या बटणाला खांदा भरून यायचा, आणि सहावं लागलं की बाबा टाळ्या वाजवायचे. छान होतं ते, खोटं कशाला बोलू. पण 1979 मध्ये गेर्बेन डीयाँग नावाच्या अभ्यासकाने या चळवळीबद्दल लिहिताना असं मांडलं होतं की एक माणूस दुसऱ्याच्या मदतीने पंधरा मिनिटांत कपडे घालून कामाला जातो, आणि दुसरा एकट्याने दोन तास खपून कपडे घालतो आणि मग दिवसभर घरीच बसतो, तर जास्त स्वावलंबी पहिला. हे वाचलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आज माझी बटणं माझ्या मदतनीस मावशी लावतात. मिनिटभरात. कुठला शर्ट ते मी सांगते, वरचं बटण उघडं ठेवायचं की नाही ते मी सांगते, आणि नऊच्या मीटिंगला मी नऊला असते.

मावशींनाही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मला उचलायच्या आधी बोला, एक दोन तीन मोजा, तीनला मीही जोर लावते, आणि माझ्याबद्दलचं काही असेल तर माझ्याशी बोला, आईला फोन करू नका. (हो आई, मला माहितीये त्या तुला फोन करायच्या.)

आता पैशाचं. इंग्लंडमध्ये हॅम्पशरला ले कोर्ट म्हणून अपंगांची एक संस्था होती, चांगली, नावाजलेली. तिथे राहणाऱ्या पॉल हंट आणि इतरांनी कधी झोपायचं असल्या साध्या गोष्टींसाठी भांडणं केली. नंतर तिथल्याच जॉन इव्हान्स आणि मंडळींनी प्रोजेक्ट 81 काढला. मागणी एकदम व्यवहारी: आम्हाला संस्थेत ठेवायला तुम्ही जो पैसा भरता तो आमच्या हातात द्या, आम्ही बाहेर घर घेतो आणि माणसं स्वतः नेमतो. आणि अधिकाऱ्यांना ते पटवून दिलं! स्वीडनमध्ये आडोल्फ राट्झकाने हेच अजून मोठं केलं. तो मूळचा जर्मनीचा, सतराव्या वर्षी पोलिओ झालेला. स्टॉकहोममध्ये त्याने मदतनीस लागणाऱ्यांचीच सहकारी संस्था काढली, 1987 पासून पैसा थेट माणसाच्या नावावर, मदतनीस कोण, किती वाजता, काय काम, नाही पटलं तर काढायचं, सगळं ज्याचं त्याने ठरवायचं. 1994 ला तिथे त्याचा कायदा झाला. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही हं, अलीकडे मदतनीसाच्या तासांना कात्री लावायला लागलेत आणि लोक पुन्हा भांडतायत.

"तू शिकलेली आहेस, बोलू शकतेस, सगळ्यांना जमेल का" असं आई हमखास विचारणार. तर लोइस कर्टिस. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व दोन्ही, लहानपणापासून हॉस्पिटलं आणि संस्थाच. डॉक्टर म्हणाले ही बाहेर राहू शकते, तरी सोडेनात. ती आपल्या वकील बाईंना पुन्हा पुन्हा फोन करून एकच विचारायची, मला इथून कधी बाहेर काढणार. 1999 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरज नसताना माणसाला संस्थेत डांबणं हा भेदभाव आहे. नंतर ती आपल्या घरात राहिली, चित्रं काढायची, प्रदर्शनं झाली तिची. मोठमोठी भाषणं करणाऱ्यांपेक्षा मला ही बाई जवळची वाटते. तिने फक्त विचारणं सोडलं नाही.

तर बाबा, माझं म्हणणं असं. त्या संस्थेत डिपॉझिट म्हणून जी रक्कम भरायचा विचार करताय ती भरू नका. ती वेगळी ठेवा, माझ्या नावाने, मदतनीसांच्या पगारासाठी. माझे स्वतःचेही मी त्यात घालतेच आहे. मावशींशिवाय दोघीजणी अशा तयार केल्यात ज्या अडीअडचणीला येतात, मावशी गावाला गेल्या तरी माझं अडत नाही. चावी शेजारी असते. आमचा ग्रुप आहे, सगळे माझ्यासारखेच, कोणाची बाई अचानक सुट्टीवर गेली तर रात्री अकराला मेसेज टाकला तरी कोणीतरी सोय लावून देतं. पूर्ण फूलप्रूफ आहे का? नाही. तुमच्या दोघांचं तरी कुठे आहे?

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं पुराण लावलं. बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही कोणाला हात लावू देत नाही, "मला नाही गरज" म्हणता, आणि मग बाथरूममधून तुम्हाला उठवायला आई वाकते. तिची कंबर बघा. तुमची गरज आईने झाकलीय म्हणून ती दिसत नाही, एवढंच. सकाळी दोन तास माणूस ठेवा. मला कळतं तुम्हाला कशाची भीती आहे, की एकदा माणूस आला की तो सांगेल तसं वागावं लागेल, आंघोळ त्याच्या वेळेला, चहा त्याच्या वेळेला, आणि तो तुमच्यासमोरच आईला विचारेल "आजोबा जेवले का?" हे होतं. माझ्याही बाबतीत झालंय, दोन बायका त्यापायी काढल्यात मी. पण ते टाळता येतं आणि कसं टाळायचं ते मला येतं. माणूस तुम्ही निवडायचा. मुलाखत तुम्ही घ्यायची, आईने नाही, मीही नाही. काम काय, कुठे धरायचं, कुठे अजिबात धरायचं नाही, आंघोळीला पाणी किती कढत, हे सगळं पहिल्याच दिवशी स्पष्ट. नाही पटला तर महिन्याने दुसरा.

रविवारी फोन करते. तोवर तुम्ही एका कागदावर लिहून ठेवा की सकाळी उठल्यापासून कशाकशाला हात लागतो, आईला न विचारता लिहा, आणि आई, तू तुझी वेगळी यादी कर. मग दोन्ही मला वाचून दाखवा.

तुमची लेक