ट्रॉलीच्या दिव्याला घर देणाऱ्यांचे आभार

उसाच्या ट्रॉलीमागे लावायचा पिवळा लुकलुकता दिवा मी घरीच जोडला. ५५५ आयसी (उघडझापीची वेळ ठरवणारी चिप), १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन रेझिस्टर, तीन एलईडी. सेकंदाला एकदा उघडझाप. सर्किट एका संध्याकाळी झालं. डबी करताना मात्र महिना गेला.

पहिली डबी जेवणाच्या प्लॅस्टिक डब्याची. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या खड्ड्यांनी तिचा निकाल लावला.

मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले ते लेथवाले अण्णा भेटले. त्यांचं कन्नड, माझं मराठी, मधे मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर. ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी एंड कॅपमध्ये (पाइपच्या टोकाचं झाकण) बसेल अशी ॲक्रिलिकची चकती त्यांनी साबणाचं पाणी सोडत, अगदी सावकाश कापून दिली. घाई केली की ॲक्रिलिक वितळून पात्याला चिकटतं, हे मला घरी दोन चकत्या वाया घालवल्यावर कळलं होतं. पैसे विचारले तर "आयतु, होगरी" (झालं, जा) म्हणून हात हलवला.

पंक्चरवाल्या मामांनी जुन्या ट्यूबचं वायसर कापून दिलं. आणि खडेबाजारात दुकानाच्या काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या त्या ताई! आत वाफ धरते म्हणून मी रडगाणं गात होतो, त्या एवढंच म्हणाल्या, "खालच्या बाजूला तीन मिलिमीटरचं भोक पाड की." सगळं सीलबंद करायच्या नादात मला ते सुचलंच नव्हतं.

नावं विचारायची राहिली. दिवा चालू आहे, काच कोरडी आहे. मनापासून आभार.