लठ्ठपणाचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणामही छापा

संपादक महोदय,

लठ्ठपणावरचे बहुतेक लेख वजनकाटा, पोटाचा घेर आणि 'जिभेवर ताबा ठेवा' या उपदेशापुढे जात नाहीत. शरीराच्या प्रतिकारशक्तीवर त्याचा काय परिणाम होतो, हे क्वचितच वाचायला मिळतं. मला तर तोच भाग सर्वांत गंभीर वाटतो.

चरबी म्हणजे नुसता ऊर्जेचा साठा नव्हे. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन जास्त तयार होतं, हे १९९३ सालीच दिसलं होतं. पुढे २००३ मध्ये त्यामागची मॅक्रोफेज पेशींची, म्हणजे मेलेल्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींची, गर्दीही उघड झाली. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की काही मरतात. त्यांना गिळायला आलेल्या मॅक्रोफेज तिथेच ठाण मांडतात आणि दाह धुमसत ठेवतात. या दाहामुळे इन्सुलिनचं काम अडतं. टाइप २ मधुमेहाची एक वाट इथूनच निघते.

कर्करोगाच्या पेशी टिपणाऱ्या 'नॅचरल किलर' पेशींची गत तर मन विषण्ण करणारी आहे. लठ्ठपणात त्यांच्या आतच मेदाचे थेंब साठतात आणि साखरेपासून ऊर्जा मिळवण्याची त्यांची यंत्रणा मंदावते. २०१८च्या एका संशोधनात अशा पेशी कर्करोगाच्या पेशीला जाऊन भिडल्या, पण तिला मारू शकल्या नाहीत.

लसीचंही तसंच. फ्लूची लस घेतल्यावर लठ्ठ व्यक्तींमध्ये प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सुरुवातीला नीट वाढतात, पण वर्षभरात ती इतरांपेक्षा जास्त घटलेली आढळली आहेत. म्हणून लस टाळायची, असा अर्थ कुणी कृपा करून काढू नये. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठ रुग्णांचा आजार गंभीर होण्याचा धोका अधिक होता, त्यामुळे त्यांनी तर ती चुकवूच नये.

वजन उतरल्यावरही चरबीच्या पेशींत जुन्या लठ्ठपणाच्या जनुकीय नियंत्रणातल्या खुणा उरतात, असं २०२४ मध्ये दिसून आलं. तरीही वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला आपण सरसकट आळशी ठरवतो, हे फार अन्यायाचं आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत या विषयावर एखाद्या प्रतिकारशक्तीतज्ज्ञाकडून सविस्तर लिहून घ्यावं, आणि लठ्ठ व्यक्तींनी कोणत्या लसी कधी घ्याव्यात याची माहितीही त्यासोबत छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक