आवणीच्या दिवसांतील ट्रेक

महोदय,

आषाढ लागला की अकोले, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांतील गडवाटांवर शनिवार-रविवारी माणसांची रांग लागते आणि नेमके तेच दिवस तेथील भातआवणीचे, म्हणजे भाताची रोपे लावण्याचे असतात. मी अनेक वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे, काही काळ गटही नेत असे. ट्रेकची तारीख ठरवताना आम्ही पाऊस, सुट्टी आणि गाडी एवढेच पाहत आलो. ज्यांच्या शेतांमधून वाट जाते, त्यांना त्या आठवड्यात काय काम आहे, हे विचारल्याचे मला तरी फारसे आठवत नाही.

भाताची रोपे साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की ती उपटून चिखलणी केलेल्या खाचरात, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या शेतात लावावी लागतात. पावसाने ओढ दिली आणि मग तो एकदम आला, तर साऱ्या गावाची आवणी एकाच वेळी निघते आणि घरात म्हातारी माणसे व लहान मुलेच उरतात. अशा वेळी आदल्या रात्री फोन करून चाळीस जणांचे जेवण सांगितले, तर पैशांची गरज असलेले घर नाही म्हणत नाही. पण त्या घरातील दोघी-तिघी दिवसभर चुलीशी अडकतात आणि खाचर तसेच राहते.

बांधांबद्दल मात्र मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. एका जुलैत आमचा तीस जणांचा गट चिखल टाळण्यासाठी पायवाट सोडून बांधावरून चालला. नुकताच ओल्या मातीने लिंपलेला बांध विसाव्या-पंचविसाव्या माणसाच्या बुटाखाली खचला आणि वरच्या खाचरातले पाणी, त्यात कालवलेल्या मातीसकट, खालच्या खाचरात धो धो उतरले. तेथे सकाळीच लावलेली रोपे आडवी झाली. रोपांची मूठ बाजूला ठेवून एक आजी आल्या, दोन्ही हातांनी चिखल ओढून त्यांनी भगदाड बुजवले आणि ‘‘खालून जा रं बाबांनो,’’ एवढेच म्हणाल्या. उतारावर एकाखाली एक अशी ही खाचरे काढण्यासाठी आंबेगाव-जुन्नर भागात पडकईची रीत आहे. एकमेकांच्या शेतावर श्रम करून ती कित्येक हंगामांत तयार होतात. ती मोडायला एक बूट पुरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

उन्हाळ्यातही सांभाळावे लागते. वावराच्या कोपऱ्यात कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), शेण आणि पालापाचोळा रचून ठेवलेला दिसतो, तो राबासाठी, म्हणजे भाताची रोपे वाढवण्याची जागा भाजण्यासाठी असतो. पेरणीपूर्वी तो भाजला की तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. शेकोटीसाठी तो उचलणारे गट मी पाहिले आहेत. पावसाळा सरता सरता वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या उतारांवर नाचणी-वरई उभी असते आणि जवळची वाट म्हणून त्यातूनच लोक घुसतात. आश्विन वद्य द्वादशीला अकोले तालुक्यातील आदिवासी वाड्यांवर वाघबारस, म्हणजे वाघोबा या देवाच्या पूजेचा सण असतो. त्या दिवशी वाघोबाच्या ठाण्यापाशी कॅमेरे घेऊन गर्दी करण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारलेले बरे.

तारीख पक्की करण्यापूर्वी पायथ्याच्या गावात फोन करून आवणी कोठवर आली, हे विचारावे आणि ती जोरात असेल तर बेत पुढे ढकलावा. आयोजक तसे करत नाहीत, याचे एक कारण आगाऊ घेतलेले पैसे परत न देण्याची अट हे आहे. तारीख बदलण्याची मुभा जाहिरातीतच दिली, तर ही अडचण सुटते. गट पंधरा जणांच्या आत ठेवावा, जेवण दोन-तीन घरांत वाटून आठवडाभर आधी सांगावे, शक्य असल्यास शिधा सोबत न्यावा आणि खाचरांच्या पट्ट्यात गावातील माणूस पुढे ठेवून एका रांगेत चालावे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाणाऱ्यांनी वन विभागाचे चालू नियमही आधीच विचारून घ्यावेत.

आपल्या दैनिकातही पावसाळी ट्रेकच्या जाहिराती व सूचना छापून येतात. जून ते ऑगस्टदरम्यानच्या अशा प्रत्येक सूचनेत, पायथ्याच्या गावाशी बोलणे झाले आहे की नाही, याची एक ओळ आयोजकांकडून मागून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक