पद्मिनीला ५० वर्षांची अट जाचक

महोदय,

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमिअर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मात्र खासगी मालकांकडे उरलेल्या पद्मिनींचा विचार फारसा झाला नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनालाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. माझी पद्मिनी १९८४ ची आहे. तिचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडण्यात, कार्बोरेटर जुळवण्यात आणि स्टीअरिंगलगतच्या गिअरदांड्याची सैल झालेली जोडणी बसवण्यात माझे दोन वर्षांचे रविवार गेले; सुटे भाग भंगारबाजारात धुंडाळावे लागले, आणि हे १०८९ सीसीचे इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारे मिस्त्री तर आता थोडेच उरले आहेत. ऐतिहासिक वाहनांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना ३० वर्षांची मर्यादा मानते. आपल्याकडेही ३० वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी मर्यादित वापराच्या अटीवर स्वतंत्र नोंदणी सुरू करावी, अशी परिवहन खात्याला कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, ठाणे