आमच्या औषध दुकानातील काकांना अनावृत आभारपत्र

प्रतापनगर, नागपूर

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेली अकरा वर्षे आमच्या घरची सगळी औषधे आपल्याच दुकानातून येतात. आपले आभार काउंटरवर उभे राहून दोन शब्दांत मानता आले असते, आणि जानेवारीत मी ते मानलेही. परंतु मागे चार गिऱ्हाइके ताटकळत होती आणि आपण "असू द्या, ताई" म्हणून पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली. जे सांगायचे होते ते राहून गेले. ते आज उघड पत्रातून सांगते आहे, कारण डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी मागायला आपल्याकडे येणारी मी एकटी नाही, हे मला माहीत आहे.

१८ डिसेंबरच्या संध्याकाळी मी आले तेव्हा ओढणी डोळ्यांवर ओढून उभी होते. आपण आधी काउंटरवरची ट्यूबलाइट बंद केली. मी काही बोलले नव्हते, तरी ते आपल्या लक्षात आले. मग मी नेहमीची पट्टी मागितली आणि आपण ती काढून देण्याऐवजी आमच्या खात्याची वही उघडली. सप्टेंबरात एक पट्टी, ऑक्टोबरात दोन, नोव्हेंबरात तीन, आणि डिसेंबर अर्धा सरला असताना ही तिसरी. त्या ओळींखाली आपण पेनाने रेघ ओढली आणि विचारले, "ताई, हे उन्हानं होते म्हणता. डिसेंबरात कोणतं ऊन?"

मला उत्तर देता आले नाही. नागपुरात राहणाऱ्या माणसाला उन्हाचे कारण पुरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला की डोके दुखणाऱ्याला कोणी दुसरे काही विचारत नाही. उन्हाळा गेला की पित्त, पित्त नसेल तर चष्म्याचा नंबर, नाहीतर पेपर तपासण्याचा ताण. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वर्षभर माझ्याजवळ प्रत्येक महिन्यासाठी एक वेगळे कारण होते, आणि ती सगळी कारणे एकाच दुखण्यावर लावली जात आहेत, हे आपल्या वहीतल्या चार ओळी पाहून मला प्रथम दिसले.

त्यानंतर आपण जे प्रश्न विचारले त्यांचा क्रम मला आजही आठवतो. दुखणे एका क्षणात, वीज पडावी तसे सुरू झाले होते काय. ताप आणि मान आखडणे आहे काय. हातापायातली शक्ती जाणे, जीभ अडखळणे, दिसायला कमी होणे असे काही झाले काय. डोक्याला मार लागला होता काय. मी प्रत्येक वेळी नाही म्हटले, तेव्हा आपण म्हणालात की यातले एक जरी 'हो' असते तर गोळी दिली नसती, रिक्षा बोलावून थेट मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयात पाठवले असते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली तर तीही अंगावर काढायची नसते, हेही आपण त्याच वेळी सांगितले. माझ्यासाठी ते नव्हते, पण सासूबाईंसाठी मी ते लक्षात ठेवले आहे.

मग दुसरे तीन प्रश्न. दुखताना मळमळते काय, उजेड सहन होत नाही काय, आणि गेल्या तीन महिन्यांत दुखण्यामुळे एखाद्या दिवशी तरी काम सोडून पडून राहावे लागले काय. तिन्हींना माझे उत्तर हो होते. "मी डॉक्टर नाही," आपण म्हणालात, "पण ही अर्धशिशी वाटते, आणि गोळी आता तिला वाढवते आहे. मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा."

काका, या ठिकाणी मला थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण त्या सल्ल्यानंतर मी लगेच गेले असे नाही. मी तेवीस दिवस घेतले. मेंदूच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे काहीतरी भयंकर असणार, एमआरआय काढतील आणि त्यात गाठ निघेल, ही पहिली भीती. त्याच्या अगदी उलट अशी दुसरी भीती होती, आणि ती अधिक खोल होती: काहीच निघणार नाही, आणि नुसत्या डोकेदुखीसाठी एवढ्या मोठ्या डॉक्टरांचा वेळ घेतला म्हणून मला संकोच वाटेल. माझ्या आईला हेच दुखणे होते. कपाळाला फडके घट्ट बांधून, खिडकीला चादर लावून ती महिन्यातून दोन-तीन दिवस आतल्या खोलीत पडून असे आणि आम्हा भावंडांना अंगणात हळू बोलायला सांगितले जाई. तिची पित्तप्रकृती आहे, एवढेच सगळे म्हणत. तिने कधी कोणाला दाखवले नाही, म्हणून दाखवणे हाच मला चोचला वाटत होता. अर्धशिशी बहुतेकदा घराण्यातून येते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट होते, हे मला नंतर कळले. कदाचित म्हणूनच घरोघरी तिला बाईच्या स्वभावात जमा केले जाते. हे मला फार अन्यायाचे वाटते.

आपण खर्चाचाही अडसर आधीच ओळखला होता. धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये हाच एक मार्ग नाही, मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही हा विभाग आहे, असे आपण सांगितले होते. शेवटी माझा निर्णय झाला तो आपण दिलेल्या कामामुळे. कालनिर्णयाच्या पानावर ज्या दिवशी डोके दुखेल तिथे फुली मारायची आणि ज्या दिवशी गोळी घ्याल त्या फुलीभोवती गोल करायचा, असे आपण सांगितले होते. महिन्याचे आधीचे दिवस मी हजेरीवरून आणि रजेच्या अर्जांवरून आठवून भरले. डिसेंबर संपला तेव्हा पानावर सतरा फुल्या होत्या आणि त्यांतल्या चौदांना गोल होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी धंतोलीत वेळ घेतली.

तिथल्या डॉक्टर बाईंनी सर्वांत आधी ते पानच मागून घेतले. त्यांनी जवळजवळ अर्धा तास प्रश्न विचारले, डोळ्यांत यंत्राने पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, सरळ रेषेत चालवले, आणि तपासणीत काही वावगे नसल्यामुळे व दुखण्याचे रूप वर्षानुवर्षे तेच असल्यामुळे एमआरआयची आत्ता गरज नाही, असे सांगितले. ज्या भीतीने मी तेवीस दिवस घालवले ती दोन मिनिटांत गेली. दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेघा दिसतात का, हे त्यांनी दोनदा विचारले. मला तशा दिसत नाहीत. पण ज्या स्त्रियांना दिसतात त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो, हे त्यांनी समजावले. माझ्या धाकट्या बहिणीला तशा रेघा दिसतात. मी त्याच रात्री तिला फोन केला.

आपला अंदाज खरा ठरला, काका. मी घेत होते ती दोन-तीन औषधे एकत्र असलेली मिश्र गोळी होती. अशी गोळी महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, आणि साधी एकाच औषधाची वेदनाशामक गोळी पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळीच डोकेदुखी घडवू लागते. माझी मिश्र गोळी त्यांनी बंद केली. पहिले आठ दिवस फार कठीण गेले, आणि तसे जातील हे त्यांनी आधीच सांगितले नसते तर मी नवव्या दिवशी आपल्या दारात उभी राहिले असते. दुखणे येऊच नये म्हणून रोज घ्यायचे प्रोप्रानोलोल त्यांनी सुरू केले. त्याआधी दमा आहे का हे नीट विचारून घेतले, कारण दमेकऱ्यांना ते चालत नाही. या औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, तोवर मध्येच सोडू नका, असे बजावले.

मी बरी झाले असे म्हणणार नाही, कारण अर्धशिशी मुळातून जात नाही. परंतु एप्रिलच्या पानावर पाच फुल्या होत्या आणि चार गोल. बोर्डाच्या उत्तरपत्रिका यंदा मी एकही दिवस न पडता तपासल्या. आतल्या खोलीची चादर धुऊन कपाटात ठेवली आहे.

आपल्याला एक पट्टी विकून मोकळे होता आले असते. वही उघडण्याचे आपल्याला काही कारण नव्हते, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने त्याबद्दल रागही धरला असता. त्या संध्याकाळी मीही मनातून थोडी रागावले होते, हे मला आपल्याला सांगायचे होते, आणि त्याची क्षमाही मागायची होती. आईला असा कोणी माणूस भेटला असता तर, हा विचार त्यानंतर माझ्या मनात अनेकदा आला आहे.

मेच्या पानावर आज एकवीस तारखेपर्यंत तीन फुल्या आहेत. सासूबाईंच्या गोळ्या घ्यायला १ जूनला येईन तेव्हा जानेवारीपासूनची सगळी पाने सोबत आणते. आपण ती पाहायला मागितली होती.

आपली कृतज्ञ,
प्रतापनगरातील एक शिक्षिका