थोरल्याची तिसरी पोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन वाढण्याचं सगळं खापर आळसावर फोडलेलं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी दोन्ही मुलं एकाच स्वयंपाकावर वाढली. थोरला अंगाने भरलेला, धाकटा काडीसारखा. धाकट्याच्या भातावर मी तूप सोडायचे आणि थोरल्याने तिसरी पोळी मागितली की डब्याचं झाकण लावायचे. लग्नाकार्यात लोक त्याच्या पानात डोकावून बघत. रिपोर्ट मात्र दोघांचेही नॉर्मल.

कॅनडातले संशोधक क्लॉद बूशार यांचा १९९० सालचा प्रयोग वाचला आणि ती झाकणं आठवली. तरुण, निरोगी अशा एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्या. प्रत्येकाला ८४ दिवस गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त दिल्या. कुणाचं वजन सव्वाचार किलोंनी वाढलं, कुणाचं तेरा किलोंच्या वर. जुळे भाऊ मात्र एकमेकांच्या बरेच जवळपास राहिले. जादा अन्न सगळ्यांना सारखंच होतं हो!

पुढे २००७ मध्ये एफटीओ या जनुकातला फरक सापडला. युरोपातल्या ज्या प्रौढांना तो आई आणि वडील दोघांकडून मिळालेला होता, त्यांचं वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलो जास्त भरलं. या फरकाचा संबंध भुकेशी आणि पोट भरल्याच्या जाणिवेशी लावला जातो. थोरल्याची जनुकं मी तपासलेली नाहीत. पण 'आई, अजून भूक आहे' हे तो खरंच सांगत होता, एवढं आता कळतं.

म्हणून व्यायाम सोडा असं मी म्हणत नाही. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ मध्ये दिसलं, की हालचाल करणाऱ्यांत याच जनुकाचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी असतो.

आणि बारीक माणूस निरोगीच, हेही खरं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, एकच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१. धाकट्याला मी कधी चालायलासुद्धा पाठवलं नाही, याची आता धास्ती वाटते.

पुरवणीत हेही छापावं, ही विनंती. थोरला परवा घरी आला होता. दोन पोळ्या झाल्यावर सवयीने हात धुवायला उठला. मी डबा उघडाच ठेवला होता.

आपली,
एक वाचक, सातारा