आजीच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या मुलींबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

हे फोनवर सांगायला गेले असते तर आईने मध्येच "जेवलीस का" म्हणून विषय बदलला असता आणि बाबांनी "हो हो, दे हिच्याकडे" म्हणत फोन सोडला असता. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

तुमच्या समोरचा आजीचा फ्लॅट मी भाड्याने दिला. करार नोंदवून झालाय. १ तारखेपासून दोघी बहिणी राहायला येतील. नागालँडच्या, झुन्हेबोटो जिल्ह्यातल्या, सुमी नागा. थोरली नर्स आहे, धाकटी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला नसतात. "तुझा फ्लॅट, तू ठरव" म्हणाला असतात आणि मग आई आठवडाभर झोपली नसती. आजीने तो माझ्या नावावर का केला हे तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, ते उकरून काढत नाही. समोरासमोरच्या दारांत कोण राहतं याचा त्रास तुम्हाला होणार, मला नाही, हे मला कळतं. म्हणूनच एवढं लांबलचक लिहिते आहे.

बाबा, आकडे आधी. भाडं महिना २४,०००, अनामत १ लाख, मुदत २४ महिने, पहिले सहा महिने कुणालाही करार मोडता येणार नाही. मुद्रांक शुल्क असं निघतं: पूर्ण मुदतीचं भाडं ५,७६,०००, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी दोन वर्षांचे २०,०००, आणि या बेरजेवर पाव टक्का. आले १,४९०, भरले १,५००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. नोटरीच्या कागदावर भागवा असं तुमचे कट्ट्यावरचे मित्र सांगतील. त्यांना सांगा की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच आधी खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

"घर बळकावून बसल्या तर?" हा आईचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतोय. त्यासाठी २४वं कलम आहे. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सोडेपर्यंत दुप्पट भाडं लागतं आणि त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसावं लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. हे कलम सातारच्या भाडेकरूला जसं लागतं तसंच झुन्हेबोटोच्या. रोज हीच कामं करते म्हणून सांगते, घर अडकतं ते कच्च्या कागदामुळे. भाडेकरूच्या चेहऱ्याशी त्याचा संबंध नसतो.

आता सोसायटी. सेक्रेटरी काका जिन्यात गाठून विचारतील, "परवानगी घेतली का?" बाबा, तुम्ही लगेच ओशाळू नका. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, लिव्ह अँड लायसन्ससाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. मी कळवलंय, पोचही घेतलीय. तुमच्या निळ्या फाइलमध्ये लावा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ पासून तसा सरकारी आदेश आहे. आपलं सेवा शुल्क १,८०० आहे, म्हणजे १८०. "सिंगल मुली आहेत म्हणून दोन हजार" अशी पावती आली तर पैसे न देता मला फोटो पाठवा. "फक्त फॅमिलीला" असा ठराव सभेत झाला तरी जी अट उपविधीत नाही ती ठरावाने लादता येत नाही.

उपविधीतच तसं लिहिलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, हेही प्रामाणिकपणे सांगते. २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचा 'सभासद फक्त पारशी' हा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. आपल्या सोसायटीच्या उपविधींत असं काही नाही, ओळ न् ओळ वाचलीय. पण एकूण कायद्यात भोक आहेच. भेदभावाला मनाई करणाऱ्या घटनेच्या १५व्या कलमात दुकानं आहेत, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट आहेत. भाड्याचं घर नाही. अस्पृश्यतेपोटी कुणाला वस्तीत राहू न देणं १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण घरमालक तोंडाने कारण सांगतो कशाला? "आत्ताच दुसऱ्यांना दिलं हो" म्हटलं की संपलं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दिल्ली परिसरातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. भाड्याच्या घरांसाठी सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी चौकशा करून पाहिल्या होत्या. नाव बदललं की उत्तर बदलत होतं, किंवा भाडं तरी. पुण्यात काही वेगळं नाही. आधी आडनाव, मग व्हेज की नॉनव्हेज, मग अनामत.

या मुलींच्या बाबतीत आडनावापर्यंतही जात नाही, चेहऱ्यावरच थांबतं. पासपोर्ट-व्हिसा मागतात. बाबा, हे तुमच्या वॉचमनला आणि सेक्रेटरी काकांना नीट समजावा: राहायला आलेल्या परदेशी माणसाची माहिती सरकारला देण्याचा सी-फॉर्म परदेशी नागरिकांसाठीच असतो. नागालँड १ डिसेंबर १९६३ पासून भारताचं राज्य आहे. दोघींची आधार कार्डं आहेत, त्यावरच अंगठे लावून करार नोंदवला. पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूंची माहिती मी भरलीय. ती माहिती असते, तिच्यावर कुणाची मंजुरी यायची नसते. तेव्हा "व्हेरिफिकेशन होईपर्यंत सामान चढवू देणार नाही" असं कुणी म्हणालं तर पोचपावती दाखवायची. नागा नावांत एक घोळ नेहमी होतो: आधारवर एक स्पेलिंग, नोकरीच्या पत्रावर दुसरं, आणि गेटवरच्या वहीत वॉचमन तिसरंच लिहितो. मी करारात आधारप्रमाणे ठेवलंय. वहीतही तेच लिहायला लावा.

ऑगस्ट २०१२ आठवतो ना? हल्ले होणार या अफवांनी ईशान्येकडची माणसं शहर सोडत होती, पुणे स्टेशनवर गुवाहाटीच्या गाड्यांना केवढी गर्दी. बंगळुरात तर खास गाड्या सोडाव्या लागल्या. एसएमएसवरच्या अफवा एवढ्या की सरकारने एकगठ्ठा संदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली. पुढे जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचलचा मुलगा मारहाणीत गेला, मग ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती नेमली. २०२० च्या मार्चमध्ये रस्त्यात ईशान्येकडच्यांना "कोरोना" म्हणून हाका मारू लागले, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं.

आता वास. मला माहीत आहे, आईची खरी धास्ती हीच आहे, बाकी सगळं वरवरचं.

या मुली डुकराचं मांस खातात आणि अखुनी खातात. करारात 'मांसाहार करणार नाही' असं कलम एजंटच्या छापील नमुन्यात असतं, ते मी काढायला लावलं. आपल्या घरी ओट्यावर सुकट भाजताना खिडक्या लावून घेणारे आपण, दुसऱ्याला तसं कलम घालायचं म्हणजे कठीणच. वरच्या काकूंची तक्रारीची चिठ्ठी आईने अजून डब्यात ठेवलीय ना? अखुनी म्हणजे सोयाबीन उकडून, पानात बांधून, चुलीच्या उबेला काही दिवस आंबवतात. बाबा, जपानच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही नात्तो खाल्लंत. तारा सुटायच्या, नाक दाबून खाल्लं, पण काय शिस्तीचे लोक, काय त्यांचा आहार, असं आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलंय. तेही सोयाबीनच, आणि आंबवणारा जिवाणू दोन्हीकडे मुख्यतः तोच, बॅसिलस सबटिलिस. जपानचं असलं की आहारशास्त्र आणि झुन्हेबोटोचं असलं की सोसायटीत तक्रार. २००७ साली तर दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती, तिच्यात सुरक्षिततेच्या सूचनांबरोबर अखुनी आणि बांबूचे कोंब शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, हेही होतं. मार खाणाऱ्यांनीच वास आवरायचा.

पण वास येणार हे खरं आहे, आणि तुम्हाला त्रास होऊ नये याची सोय मी केलीय. दोष आपल्या इमारतीच्या डक्टमध्येही आहे. दोन्ही स्वयंपाकघरं एकाच डक्टमध्ये उघडतात, तळाशी पत्रा टाकून तो कुणीतरी बंद केलाय, त्यामुळे खालून हवा येत नाही आणि वर काही जात नाही. आजीच्या एक्झॉस्टने बाहेर टाकलेला वास तुमच्या एक्झॉस्टच्या भोकातून आत येतो, कारण तुमच्या पंख्याला मागे फ्लॅप नाही. म्हणून तिकडच्या पंख्याचा रस्ताच बदलतोय: सहा इंची पीव्हीसी पाइप ड्राय बाल्कनीतून थेट बाहेरच्या भिंतीवर, एकच बाक, कारण बाक वाढले की ओढ कमी होते. तुमच्या पंख्याला फ्लॅपवाली जाळी. दोन्हींचा खर्च माझा. त्या मुली अखुनी घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवतात. वास मुख्यतः गरम करताना सुटतो, म्हणजे अर्धा-पाऊण तास. हाडं कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकायची हे त्यांना सांगितलंय. आई, तरीही एखाद्या दिवशी नकोसं झालं तर दार वाजवून सरळ सांग. ग्रुपवर लिहू नकोस, सेक्रेटरी काकांकडे तर मुळीच जाऊ नकोस.

दादाचं उदाहरण देणार नव्हते, पण देते. एडिसनमध्ये त्याने घर घेतलं तेव्हा बाबा पेढे वाटत होतात. अमेरिकेत कितीतरी वस्त्यांच्या खरेदीखतांत 'गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही' असं लिहिलेलं असायचं. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितलं की असल्या अटी कोर्टं अमलात आणणार नाहीत. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारायला देशभर बंदी आली ती ११ एप्रिल १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. दादाच्या फोडणीच्या वासावरून त्याला कुणी दारातून परत पाठवू शकत नाही ते काळ्या लोकांनी लढून मिळवलेल्या त्या कायद्यामुळे. गंमत म्हणजे त्यातही आईची सोय आहे! मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला बरीचशी सूट आहे; मात्र जाहिरातीत 'अमुक लोक नकोत' असं छापता येत नाही, तिथे सूट नाही.

रागावलात का? आई, तुझ्या गुडघ्यांना मी विसरले नाही. समोरचं दार उघडं असलं की तू त्या चार पावलांत बसायचीस ती खुर्ची मी हलवू दिलेली नाही. आजीचं देवघर आणि शिसवी कपाट तुमच्याकडे हलवून घेतलंय. गॅलरीतली तगर तिथेच राहील, सकाळी फुलं काढायला तू बेल वाजवून जा, त्यांना सांगून ठेवलंय. ड्यूटी रात्रीची असली तर थोरली सकाळी नऊनंतर येते आणि झोपते, तेव्हा फुलं त्याआधीच.

आणि हे महत्त्वाचं: ती नर्स आहे म्हणून रोज बीपी मोजायला तिचं दार वाजवायचं नाही. साखर तपासायला लॅबवाला घरी येतो, तो चालू राहील. ईशान्येकडच्या मुली म्हणजे सेवेलाच असतात असं सगळ्या शहराला वाटतं, आपल्या जिन्यात तरी नको. धाकटी वनाजहून मेट्रोने येरवड्याला जाते, यायला कधी उशीर होतो. किती वाजता आली याची नोंद बाबांनी ठेवायची नाही.

बाबा, ईशान्येकडच्यांना हिणवायचा "चिंकी" हा शब्द आपल्या मजल्यावर कुणी उच्चारला तर हसून सोडू नका. त्या अनुसूचित जमातीच्या आहेत. चारचौघांत त्यावरून अपमान केला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो, सहा महिने ते पाच वर्षं कैद. "तो दर्जा नागालँडात, इथे नाही" असं कुणी म्हणालं तर २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलंय की या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं. भांडू नका, आवाज चढवू नका, गोळी घेतलेली असू द्या. एवढंच सांगा आणि आत या.

रविवारी चार वाजता टेम्पो येईल. लिफ्टला पुठ्ठे लावायला सांगितलेत. आई, चहा करायचा असला तर कर, दूध त्यांना चालतं. बाबांना साखर नको.

तुमची,
मनू

ता.क. पाइप बसवायला माणूस शनिवारी येईल. पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर पावसाचं पाणी आणि तेलकट घाम उलटा मोटरमध्ये उतरतो. पैसे उतार बघूनच द्या.